तेवीस नंबरची बोली

"मावशी, ते राहू द्या, आधी इकडे या. या आजी काय म्हणताहेत तेवढं सांगा मला."

डॉक्टर खोंगनी हाक मारली तेव्हा वंग युचाय एकवीस नंबरच्या म्हाताऱ्याला कुशीवर वळवत होती. तिनं त्याच्या पाठीला उशीचा टेका दिला, हात धुतले आणि तेवीस नंबरच्या खाटेशी आली. खाटेवर त्याच सकाळी वृद्धाश्रमातून आणलेली एक बाई होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, चिपाडासारखी वाळलेली, पण केस चापूनचोपून अंबाड्यात बांधलेले. उजवा पाय चादरीबाहेर होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कोळशासारखी काळी पडली होती, आणि तो काळा रंग घोट्याकडे सरकू लागला होता.

"मी एवढंच विचारलं, आग होते की टोचतं? पाच मिनिटं बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही," डॉक्टर म्हणाले. ते उत्तरेतले, शानतुंगकडचे. फूचौत येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण इथली बोली त्यांच्या कानावरून अजून पाण्यासारखी ओघळून जायची.

युचाय वाकली आणि थोरल्या बाईला मारायची बोलीतली हाक तिनं मारली. "इमा, पायाला काय हुतंय म्हनून इचारत्यात."

म्हातारीनं मान वळवली. "तू आपल्यातली हायस?"

"लांगछी बेटावरची."

"मग सांग ह्या पोराला. पायात मुंग्यांचं वारूळ हाय. दिसाचं झोपत्यात आन अंधार पडला की उठत्यात. मघाधरनं त्येच सांगतीया, तर हा आपला शिंपल्यावानी तोंड मिटून बघत बसलाय."

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी पेन सरसावलं.

"दिवसा पाय बधिर असतो. रात्री मुंग्या चावल्यासारखं होतं."

"एवढंच?"

"तुम्हाला शिंपला म्हणाल्या."

डॉक्टर हसले. पहिलं तेवढं त्यांनी कागदावर उतरवलं.

युचायला या वॉर्डात अठरा वर्षं झाली होती. काम आयाबाईचं. अंग पुसायचं, भरवायचं, भांडं द्यायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. दुभाषेपणाचं काम तिला कुणी दिलं नव्हतं, ते आपोआप अंगावर येऊन पडलं होतं. पूर्वी निम्मे डॉक्टर गावचेच असत. ते एकेक करून निवृत्त झाले आणि नवे आले ते देशाच्या चार कोपऱ्यांतून. नर्सेस गावच्याच, पण विशीतल्या. त्यांना शाळेनं पुतोंगह्वा शिकवली होती, म्हणजे पेकिंगची, बातम्यांतली, सगळ्या देशाची भाषा. आजीची बोली त्यांना 'जेवलीस का' एवढ्यापुरती कळे. म्हातारे मात्र आयुष्यभर बोलीतच जगलेले. दुखणं कुठं आहे, कसं आहे, भीती कशाची वाटते, हे सगळं त्यांना त्याच भाषेत सांगता येई. मग कुणीतरी ओरडे, "वंग मावशींना बोलवा."

युचायला ते आवडे, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच कामासाठी तिला कुणी असं शोधत आलं नव्हतं. नवरा कालवांच्या धंद्यात होता, तो बारा वर्षांपूर्वी गेला. लेक लग्न होऊन श्यामनला राहते. नातू सात वर्षांचा. रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतो आणि दोन वाक्यांनंतर म्हणतो, "आजी, नीट बोल ना." मग युचाय तिच्या मोडक्या पुतोंगह्वात नीट बोलते, आणि बोलायचं असतं ते राहूनच जातं.

तेवीस नंबरच्या बाईचं नाव झ्वो साइफंग. थायच्यांगच्या पुलाशी तिनं एकेचाळीस वर्षं काठपेजेची गाडी लावली होती. मोठ्या कढईत तिसऱ्यांचं पाणी उकळत ठेवायचं, वरच्या तापलेल्या काठावर तांदळाचं पीठ फिरवायचं, ते पापडासारखं सुटलं की उलथण्यानं खरवडून पाण्यात लोटायचं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कढईनं दिलेले पांढरे डाग होते. दुसऱ्या दिवशी अंग पुसताना युचायनं विचारलं, "दुखायचं न्हाई का?"

"पयल्या वर्षी दुखलं. मग कढईला बी कळलं, ही काय जात न्हाई."

दवाखान्याची पांढरी पेज म्हातारी तोंडात धरून ठेवी आणि तोंड पुसायच्या मिषानं रुमालात काढी. दोन दिवस ते पाहून युचायनं डॉक्टरांना विचारलं आणि चार चमचे चालतील असं कळल्यावर कामावर येताना कोपऱ्यावरच्या टपरीतून काठपेज आणली. साइफंगनं एक चमचा जिभेवर घोळवला.

"कुनी केली ही?"

"कोपऱ्यावरच्यानं."

"त्येला सांग, तिसऱ्या समिंदरात ऱ्हात्यात. ह्यात नळाचं पानी हाय."

दुसऱ्या दिवशी युचायनं दुसऱ्या दुकानातली आणली. "हे पीठ न्हवं, गोधडी हाय." तिसऱ्या दिवशी बसनं दोन थांबे पुढं जाऊन. "ह्येची बायको ह्याला सोडून गेली आसंल." युचायला हसू आवरेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं काय झालं, तेव्हा तिला ते पुतोंगह्वात सांगता आलं नाही. सांगून पाहिलं, पण त्यातली गंमतच उडून गेली. आठव्या दिवशी नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्याची पेज आणली तेव्हा साइफंगनं चारही चमचे गिळले आणि डोळे मिटून पडून राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मुए, ह्येला थोडं जमलंय."

मुए म्हणजे धाकटी बहीण. युचायला या नावानं हाक मारणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं.

काळा रंग मात्र थांबत नव्हता. घोटा ओलांडून तो वर चढला, पायाला वास येऊ लागला, अंगात ताप राहू लागला. पाय काढावा लागेल असं डॉक्टर खोंग पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, आणि युचायनं ते जसंच्या तसं सांगितलंही होतं.

"न्हाई," साइफंग म्हणाली होती. आवाज चढला नव्हता. "चौऱ्याऐंशी झाली. आईबापानं दिलेलं अंग सगळं परत न्यायचं. माझा नवरा धडधाकट अंगानं गेलाय. वर मला एका पायानं येताना बघंल आन शेजाऱ्याला इचारंल, ही कोन बाई रं?"

"इमा, पन न्हाई काढला तर..."

"ठावं हाय मला. मरायचं मला ठावं हाय मुए, मी कुटं घाबरतीया. तू त्या शिंपल्याला सांग, औषध द्या, दुखनं कमी करा. बास."

तेही युचायनं जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि औषधं बदलली.

साइफंगला एकच मुलगा, रुआन लीशंग. एकोणतीस वर्षांपूर्वी तो अमेरिकेला गेला होता, गावातली निम्मी पोरं जात तसाच, कागदांशिवाय. तिथं एका हॉटेलच्या भटारखान्यात लागला. बरीच वर्षं कागद नव्हते म्हणून येता आलं नाही. ते झाल्यावर काम सोडवेना म्हणून आला नाही. आईला वृद्धाश्रमात त्यानंच ठेवलं होतं आणि दर आठवड्याला फोन करी. एका गुरुवारी दुपारी त्याचा फोन साइफंगच्या उशाशी वाजला तेव्हा ती तापात डोळे मिटून होती. युचायनं तो उचलला आणि व्हरांड्यात गेली.

"कोन बोलतंय?"

"मी आया हाय. तुमची आई झोपलीया."

त्याची बोली ऐकून युचायनं फोन कानाशी घट्ट धरला. तो असे शब्द वापरत होता जे आता फूचौत कुणी वापरत नाही, जे तिच्या आईच्या तोंडी होते. जाताना तो जी भाषा घेऊन गेला ती त्यानं परदेशात लोणच्यासारखी मुरवून ठेवली होती.

"डॉक्टरसंगं बोलनं झालंय माझं," तो म्हणाला. "आज-उद्यात पाय न्हाई काढला तर चार-पाच दिस. काढला तर वाचल म्हनाला. नक्की न्हाई, पन वाचल."

"त्या नको म्हनत्यात."

"ठावं हाय. म्हनून तर तुमच्यासंगं बोलतोय. डॉक्टर म्हनतोय, ती शुद्धीत हाय, तिचाच अंगठा पायजे. तुमी तिला सांगा, पाय साफ करनार हायत. सडलेलं मांस काढनार. एवढंच."

युचायनं कठड्यावरून खाली पाहिलं. खाली दवाखान्याच्या आवारात वडाच्या पारंब्यांना कुणीतरी धुतलेली पायपुसणी वाळत घातली होती.

"तुमीच का न्हाई सांगत?" तिनं विचारलं.

"मी सांगाय गेलो तर ती न्हाई म्हननार. आन तिनं मला न्हाई म्हनलं की मला ऐकाय लागंल. आजवर तिचं कवाच ऐकलं न्हाई, आता हे तरी ऐकाय लागंल." त्याच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता. "मी तिकीट काढलंय. पुढल्या म्हैन्याच्या धा तारखेला पोचतो. तवर तिला ठिवा. बाई, मला तिला एकदा बघायचंय."

"हे खोटं हाय."

"खोटं हाय. पन ती जिती ऱ्हाईल."

युचाय वॉर्डात परतली. साइफंग जागी होती. "मुए, चुइ दे," ती म्हणाली. चुइ म्हणजे पाणी. युचायनं पेल्यातली नळी तिच्या ओठाला लावली आणि तिच्या गळ्याची हालचाल पाहत राहिली. ही चार-पाच दिवसांत जाणार. मग तेवीस नंबरवर दुसरं कुणी येईल. कदाचित पुतोंगह्वा बोलणारं.

पुढं कितीतरी वेळा तिनं स्वतःला विचारलं, की म्हातारीला जगवायचं होतं ते लीशंगसाठी की आपल्यासाठी. उत्तर येण्याआधीच ती दुसऱ्या कामाला लागत असे.

दुपारनंतर डॉक्टर खोंग आले. हातात कागद होता, शाईची डबी होती. त्यांनी पायाचं चित्र काढून आणलं होतं आणि गुडघ्याच्या वर एक लाल रेघ मारली होती. रेघ त्यांनी युचायला दाखवली.

"सगळं सांगा. इथून काढणार, मांडीतून. पूर्ण भूल देऊ. धोका आहे, वयामुळे. नाही केलं तर काय होईल तेही सांगा. आणि नकोच म्हणाल्या तर तसं मला सांगा. पाय त्यांचा आहे."

चित्र त्यांनी साइफंगपुढं धरलं, पण चष्मा वृद्धाश्रमात राहिला होता, आणि तिला ते आकाशातल्या ढगासारखं दिसलं असावं. ती युचायकडे पाहू लागली.

"इमा," युचाय म्हणाली, "पाय साफ करनार हायत. सडलेलं हाय त्ये काढून टाकनार. म्हंजे वास जाईल, ताप उतरंल."

"किती काढनार?"

"बोटं."

"तीन बोटं?"

"लई झालं तर पाची."

साइफंगनं विचार केला. डॉक्टर शांतपणे उभे होते. त्यांना वाटत होतं, म्हातारी मांडीचा, मरणाचा, जगण्याचा हिशेब करते आहे.

"बोटांचं काय," ती शेवटी म्हणाली. "बोटं तर कढईनं बी खाल्ली असती. तू सांगतीयास म्हनून देते." आणि तिनं अंगठा पुढं केला. युचायनं तो धरला, शाईत टेकवला, कागदावर दाबला. अंगठ्याच्या कातडीवर रेषा राहिल्याच नव्हत्या, कागदावर नुसता लाल ठिपका उमटला.

"समजलं ना त्यांना नीट?" डॉक्टरांनी विचारलं.

"समजलं."

"मला वाटलं होतं, खूप वेळ लागेल." त्यांचा चेहरा उजळला होता. "तुम्ही नसता तर जमलं नसतं, मावशी."

ते खरंच होतं. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगितलं असतं तर साइफंगनं विश्वास ठेवला नसता.

शुक्रवारी सकाळी पाय काढला. दुपारी तिला खाटेवर आणलं तेव्हा चादर उजवीकडे मांडीपाशीच खाली बसली होती. युचायनं तिथं एक उशी ठेवली, वरून चादर ओढली. उशी कशासाठी ठेवतो आहोत हे तिलाही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी ठेवायला सांगितलेली नव्हती.

संध्याकाळच्या आत म्हातारीची भूल उतरली. आधी तिनं छताकडे पाहिलं. मग हात चादरीखाली घातला. हात पोटावरून खाली गेला, मांडीवर गेला, पट्टीपाशी थांबला. मग उशीपाशी गेला आणि उशी दाबून पाहिली. एकदा, दोनदा. मग तो बाहेर आला आणि छातीवर येऊन पडला.

युचाय तयारीत होती. "इमा, डाक्टर बोटंच काढनार हुते. ऐनवक्ताला आत बघितलं तर सगळं सडलेलं. मग त्यास्नी काय इलाज ऱ्हायला न्हाई. मला बी ठावं न्हवतं."

साइफंगनं तिच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पुलाशी गाडी लावताना नासकी तिसरी निघाली की बाजूला काढायची, तसं तिनं ते वाक्य ऐकलं आणि बाजूला ठेवलं. बऱ्याच वेळानं ओठ हलले.

"श्वेइ," ती म्हणाली.

युचायला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो पुतोंगह्वातला शब्द होता. म्हातारीनं पाणी मागितलं होतं, परक्याकडे मागावं तसं, परक्याच्या भाषेत. युचायनं नळी ओठाला लावली. दोन घोट पिऊन साइफंगनं मान फिरवली आणि त्याच भाषेत, लहान मूल धडा म्हणतं तसे शब्द सुटे सुटे करत, म्हणाली, "धन्यवाद."

फूचौत घरच्या माणसाला कुणी धन्यवाद म्हणत नाही.

त्यानंतर तेवीस दिवस ती जगली. दहा-बारा शब्द तिला येत होते, रस्त्यावर गाडी लावणाऱ्या बाईला गिऱ्हाइकांपुरते लागतात तेवढे. पाणी. लघवी. दुखतं. नको. पुरे. धन्यवाद. तेवढ्यांवर तिनं भागवलं. युचाय बोलीत बोले, ती पुतोंगह्वात उत्तर देई. अंग पुसताना हात उचल म्हटलं की उचले, वळ म्हटलं की वळे. तक्रार कसलीच नव्हती. नदीपलीकडच्या म्हाताऱ्याची काठपेज युचायनं दोनदा आणली. पहिल्यांदा ती म्हणाली, "नको." दुसऱ्यांदा म्हणाली, "नको, धन्यवाद." दोन्ही वेळा युचायनं ती जिन्यात बसून स्वतःच खाल्ली, थंड झालेली.

एकदा युचायनं एकवीस नंबरच्या म्हाताऱ्याला गळ घातली. तो बोलीतलाच होता. "जरा बोला की तिच्यासंगं. तुमी सांगा तिला."

"काय सांगू?"

युचायनं त्याच्या खाटेखालचं भांडं उचललं. म्हातारा आपणहून पडद्यापलीकडे काहीतरी बोलला, पावसाबद्दल की मासळीबद्दल. पलीकडून साइफंगनं त्याला त्याच्या बोलीत उत्तर दिलं, पूर्ण वाक्यात. युचाय हातात भांडं घेऊन तिथंच उभी होती.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर खोंग जखम पाहायला आले आणि खूश झाले. "दुखतं का, आजी?" "दुखतं," साइफंग म्हणाली. "थोडं की खूप?" "थोडं. धन्यवाद." डॉक्टर युचायकडे वळले. "बघा मावशी, आता आमच्या भाषेत बोलायला लागल्या. तुमचं काम संपलं म्हणायचं."

ते व्हरांड्यात गेले तशी युचाय त्यांच्या मागं गेली. "डॉक्टर, मी त्यांना बोटं काढणार म्हणून सांगितलं होतं."

"काय?"

"मांडीचं सांगितलं नाही. बोटं म्हणाले. मुलानं सांगितलं होतं, पण मी म्हणाले."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी चित्र काढून दिलं होतं," ते म्हणाले. "मी तुम्हाला म्हणालो होतो, पाय त्यांचा आहे." मग आणखी काही बोलायला तोंड उघडलं, पण आतून नर्सनं हाक मारली. जाताना ते म्हणाले, "मी तुमच्यावर विसंबलो होतो. सहा वर्षं."

त्यांनी तक्रार केली नाही. कदाचित कागदावरच्या अंगठ्याचं काय करायचं ते त्यांनाही कळलं नसेल. पण त्या दिवसापासून युचायला कुणी हाक मारली नाही. तळमजल्यावर झाडू मारणाऱ्या एका बाईला वर बोलावू लागले. बाई घाईत असे, अर्धवट सांगे, म्हातारे चिडत. युचाय खाली मान घालून चादरी बदलत राही. एकदा एका म्हाताऱ्यानं 'छातीवर धोंडा हाय' म्हटलं आणि बाईनं 'छातीत गाठ आहे म्हणतात' असं सांगितलं. नंतर युचायनं ते नर्सच्या कानात हळूच दुरुस्त केलं.

साइफंगच्या छातीत कफ साठू लागला. पुढचा महिना लागल्यावर तिसऱ्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, युचाय एकवीस नंबरला भरवत असताना पडद्यापलीकडची घरघर थांबली. युचायनं चमचा वाटीत ठेवला, म्हाताऱ्याचं तोंड पुसलं आणि मग उठली. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लीशंग दहा तारखेला यायचा तो सात तारखेला आला. तोवर साइफंगला शवागारात ठेवून चार दिवस झाले होते. तो थेट विमानतळावरून आला होता. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, हातांवर तेलाचे डाग. एका पिशवीत दुकानातून घेतलेले अखेरचे कपडे होते, सात थरांचे, आणि काळ्या कापडाच्या जोड्यांचं खोकं.

"इथं माझं दुसरं कुनी न्हाई," तो युचायला म्हणाला. "कापडं घालताना बोलाय लागतं म्हनं. मला ठावं न्हाई काय बोलायचं. तुमी याल का?"

युचाय गेली.

शवागारातली खोली लहान होती, फरशी नुकती धुतलेली. नोंदवही घेऊन बसलेला माणूस दाराबाहेर जाऊन उभा राहिला. लीशंगनं आईचा चेहरा पाहिला आणि भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसला. मग विचारलं, "शेवटाला काय बोलली का?"

हे तो विचारणार हे युचायला ठाऊक होतं. चार दिवस ठाऊक होतं. तुमचं नाव घेतलं म्हणायचं. वाट पाहत होत्या म्हणायचं. कुणी तपासायला येणार नव्हतं, आणि हा माणूस ते वाक्य उराशी धरून समुद्रापार घेऊन गेला असता.

"पानी मागायच्या. दुखतंय म्हनायच्या. धन्यवाद म्हनायच्या."

"माझ्याबद्दल?"

"न्हाई."

"तुमच्यासंगं तर लई बोलायची. फोनवर सांगायची मला, लांगछीची एक पोरगी हाय म्हनून."

युचायनं टेबलाची कड धरली. "पाय काढल्यावर माझ्यासंगं बोलीत बोलल्या न्हाईत. पुतोंगह्वात बोलल्या. शेवटपतुर."

"तिला कुटं येत हुती?"

"तेवढी येत हुती."

लीशंगला ते समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि फरशीकडे पाहू लागला. "तुमास्नी मी सांगाय लावलं," तो म्हणाला.

"तुमी सांगाय लावलंसा. जीभ माझी हुती."

मग दोघं उठली. मृताला कपडे घालताना त्याला सांगत जायचं असतं, नाहीतर तो बावरतो, अंग ताठ धरतो. युचायनं सदऱ्याची बाही हातात घेतली. "इमा, डावा हात घालते. ढिला सोडा." हात आत गेला. "आता उजवा. तुमचा लीशंग आलाय. त्यानं धरलंय तुमास्नी." एकावर एक थर चढत गेले. लीशंग कापडं पुढं करत होता. तिसऱ्या सदऱ्याला तोही पुटपुटू लागला, "आई, बटन लावतो. आई, मान उचलतो," त्याच जुन्या, मुरलेल्या शब्दांत. त्याचं नाक गळत होतं, तो ते खांद्यानं पुसत होता.

शेवटी विजार आली. डावा पाय आत गेला, त्यावर मोजा, त्यावर जोडा. उजवीकडची विजार रिकामी, चपटी, टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत राहिली. लीशंग हातात दुसरा जोडा घेऊन उभा होता. तो कुठं ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

युचायनं कपाटातून दोन टॉवेल घेतले. एक लांब गुंडाळला, दुसरा टोकाशी दुमडून पावलाच्या आकाराचा केला, पट्टीनं घट्ट बांधला. विजारीत सारताना ती थांबली. दाराबाहेरच्या माणसानं एकदा आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

"इमा," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, अंग पुसताना असे तसा. "ह्यो तुमचा पाय न्हाई. तुमचा पाय मांडीतनं काढला. काढायच्या आदीच मला ठावं हुतं. डाक्टरनं मला रेघ दाखिवली हुती. बोटं म्हनले त्ये खोटं, आन ऐनवक्ताला म्हनले त्ये बी खोटं. ह्यो कापडाचा हाय. कापडाचा लावतीया."

लीशंगनं जोडा पुढं केला. तिनं त्याचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी रुंदावलं, कापडाच्या पावलावर तो चढवला, आणि टाच नीट बसली आहे का ते बोटानं दाबून पाहिलं.